तीनशे वीस ग्रॅम

आमच्या गाळ्यात येणारा प्रत्येक माणूस वजन कमी करायला यायचा. स्वतःचं नव्हे, मोटरसायकलचं. माझा थोरला भाऊ अण्णा त्याला पहिला प्रश्न विचारायचा, "तुमचं किती?" समोरचा गोंधळायचा, नव्वद-पंच्याण्णव असं काहीतरी पुटपुटायचा. "मग दोन महिने भात सोडा. गाडीतनं मी जेवढं काढीन तेवढं तुमच्यातनंच निघेल, आणि गंजायची भीती नाही." निम्मे लोक हसायचे, निम्मे दुखावून निघून जायचे. दुखावलेलेही पुन्हा यायचे, कारण नाशकात हे काम करणारं दुसरं कोणी नव्हतं.

अण्णा यंदाच्या माघात गेला. त्याच्यावर काहीतरी हृद्य लिहा, असं संपादक फोनवर म्हणाले. हृद्य हा शब्द अण्णाच्या बाबतीत आजवर कोणी वापरलेला नाही आणि सुरुवात मी करणार नाही. मी कामाबद्दल लिहिते. त्यात तो येतोच, न बोलावता.

आम्ही दोघंही ओझरच्या विमानाच्या कारखान्यात होतो. तो वेल्डर, मी ड्रॉइंग ऑफिसात आरेखक. सकाळी एकाच बसने जायचो, पण बसमध्ये त्यानं मला कधी ओळख दाखवली नाही. "ड्रॉइंगवाल्यांशी बोलताना दिसलो तर वर्कशॉपमध्ये इज्जत राहत नाही, सुमे." निवृत्तीनंतर त्यानं अंबडला गाळा घेतला. पुढे मी निवृत्त झाले, तेव्हा त्यानं कोपऱ्यात माझ्यासाठी एक टेबल मांडून ठेवलं होतं. ये म्हणाला नाही. "टेबल रिकामं पडलंय" एवढंच म्हणाला. तेव्हापासून नळी कुठे कापायची ते मी कागदावर काढायचे आणि तो तिथे सोडून दुसरीकडे कापायचा.

ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोटरसायकल म्हटली की लोकांना वेग आठवतो. आमच्या गिऱ्हाइकांच्या खेळात वेगाला काही किंमत नाही. त्या खेळाला ट्रायल्स म्हणतात. नदीपात्रातले धोंडे, ओढ्याची दरड, झाडांची मुळं ह्यांवरून गाडी न्यायची, बैलगाडीच्या चालीनं, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की एक गुण दंड. पडलात की पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय आणि तो ते गाडीवर बसून शोधतोय.

म्हातारा म्हटलं, कारण आमची गिऱ्हाइकं साठीच्या आसपासची आणि त्यांच्या गाड्या त्यांच्याहून थकलेल्या. जुन्या, साडेतीनशे सीसीच्या, एका सिलिंडरच्या. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं की त्या गाडीचे भक्त पत्रं लिहितात. ह्या गाड्यांचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, ज्या काळी बनली त्या काळी गाडीला शेजारी साइडकार लावायची, मागे बायको बसवायची, वर धान्याचं पोतं ठेवायचं, असा हिशेब होता. त्यामुळे जागोजागी लोखंडाचे कान, जाड नळ्या, ओतीव सांधे. ट्रायल्सला ह्यातलं काही लागत नाही, बायको तर मुळीच नाही. नको ते कान कापायचे, जाड नळ्या काढून त्या जागी पातळ पत्र्याच्या पण चांगल्या पोलादाच्या नळ्या बसवायच्या, हे आमचं काम. पातळ नळी तुटेल अशी भीती सगळ्यांना वाटते. अण्णा त्यांना बांबू दाखवायचा. पोकळ आहे म्हणून बांबू काही कच्चा ठरत नाही. ताकद घेरात असते.

विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी आमच्याकडे गाडी घेऊन आले, तेव्हा तिच्या फ्रेमला त्यांनी स्वतःच ड्रिलनं भोकं पाडलेली होती. एकशे अठरा. मी मोजली. कुठल्याशा चित्रफितीत त्यांनी विमानाच्या फासळ्यांना भोकं असतात असं पाहिलं होतं. अण्णा फ्रेमभोवती एक फेरी मारून आला.

"ह्यात चहा गाळता का?"

"घट आणली ओ. कांदा चाळीत ठेवला की आपोआप घट येती. लोखंडाला आणावी लागती."

"किती आली?"

"चारशे ग्रॅम."

"आणि काय राहिलं?"

"काय?"

"काही नाही राहिलं. उद्या ही गाडी वाकेल आणि तुम्ही आडवे पडाल, मग तुमच्यात घट येईल."

विमानाच्या फासळीत भोक कुठे आणि का असतं, हे मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मग ही भोकं बुजवून मिळतील का?" अण्णा पाणी प्यायला बाहेर गेला.

आता ज्या फ्रेमसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

सुभेदार शेळके मूळचे निफाडकडचे. तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पातच राहिले. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. दारणेच्या पात्रात दर वर्षी हे लोक आपापसात एक स्पर्धा भरवतात. मागच्या वर्षी त्यात सुभेदारांची गाडी पडली आणि त्यांना ती उचलता आली नाही. पाण्यात गुडघाभर उभे राहून त्यांनी तीनदा जोर लावला. मग दोघांनी येऊन उचलून दिली. त्यांच्या लोकांत एक अलिखित रीत आहे: पडलेली गाडी ज्याची त्यानं उचलायची. ज्याला उचलता येत नाही त्यानं पुढच्या वर्षी प्रेक्षकांत बसायचं, सतरंजीवर, बायकांबरोबर, डबे सांभाळत.

"मला सतरंजीवर बसायचं नाय," सुभेदार म्हणाले. "एवढंच काम हाय."

बाकी सगळं हलकं झालंच होतं. टाकी लहान केली, मडगार्ड ॲल्युमिनियमचे बसवले, सीट म्हणजे नुसता पाट. राहिली होती फ्रेम. मी तिचं ड्रॉइंग करायला पंधरा दिवस घेतले. फ्रेमची मान, म्हणजे जिथे हँडल फिरतं ते पुढचं उभं नळकांडं, तेवढी जुनी ठेवायची, कारण तिच्यावर चासी नंबर असतो. तिला येऊन मिळणाऱ्या दोन मुख्य नळ्या नव्या घालायच्या. जिथे त्या मानेला मिळतात तिथे आतून एकेक बाही बसवायची. बाही म्हणजे नळीच्या आत घट्ट बसणारा वीतभरापेक्षा लहान दुसरा तुकडा. सांधा लाल होईपर्यंत तापवायचा, टाकणखार टाकायचा आणि पितळेची सळई लावायची, की पितळ वितळून दोन्ही नळ्यांच्या मधल्या फटीत शिरतं. बाहेरून काही दिसत नाही. बाही आहे की नाही, हे ज्यानं घातली त्यालाच ठाऊक.

ह्या बाह्यांवरून आमचं भांडण झालं. अण्णा म्हणाला, "माझा सांधा म्हणजे काय तुला आजीबाई वाटली? तिला आतून काठी कशाला?"

"नळी पातळ आहे. मान तुटली तर पुढचं चाक एकीकडे आणि सुभेदार तोंडावर धोंड्यात."

"तीनशे वीस ग्रॅम फुकट घालवतेस."

"घालवते."

"बरं. घालतो."

हे 'बरं, घालतो' मला पासष्ट वर्षं माहीत होतं. 'बरं, बिडी सोडतो' हे त्याच आवाजात यायचं. 'बरं, डॉक्टरकडे जातो' हेही.

त्यानंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस मी डोळ्यावर हिरवा चष्मा लावून घरी बसले आणि त्या आठ दिवसांत अण्णानं मानेचे दोन्ही सांधे जोडून टाकले. त्याला तेव्हा चार पावलं चाललं की धाप लागायची. मी गाळ्यावर गेले तेव्हा फ्रेम तयार होऊन भिंतीला टेकलेली होती. "बाह्या?" मी विचारलं. "घातल्या की," तो म्हणाला आणि खोकायला लागला. ते खोकणं आता मला दोन्ही प्रकारे आठवता येतं.

तीन आठवड्यांनी तो गेला. अखेरचे शब्द वगैरे काही नाहीत. बोलून झालं होतं. दहाव्याला सुभेदार घाटावर आले होते. कावळा पिंडाला शिवला नाही तर 'गाडी आम्ही पुरी करू' असं सांगायचं, अशी तयारी करून आले होते, हात जोडून. कावळा पिंड ठेवल्याठेवल्या आला. सुभेदार मागे वळून मला म्हणाले, "अहो, थांबला पण नाय!" त्याची काहीच इच्छा उरली नव्हती, ह्याचा मला आजही राग आहे.

पुढे महिनाभरानं मी फ्रेम काट्यावर ठेवली. ड्रॉइंगवर फ्रेमचं हिशेबानं आलेलं वजन होतं बारा किलो चारशे. काट्यानं दाखवलं बारा किलो ऐंशी. पुन्हा ठेवली. बारा ऐंशी.

कारखान्यात आम्हांला एक गोष्ट हाडीमासी मुरवली होती. भाग ड्रॉइंगपेक्षा जड झाला तर कोणीतरी आळशी आहे. हलका झाला तर काहीतरी राहून गेलंय. हलका जास्त वाईट. आणि इथे जे कमी होतं ते होतं बरोब्बर तीनशे वीस ग्रॅम. एका बाहीचं वजन एकशे साठ. दोन बाह्या.

मी खुर्चीत बसले. काट्यावर आकडा तसाच होता. मी अण्णाला दोन-तीन शिव्या दिल्या, मनात. मेल्या माणसाला शिव्या देताना आपण आवाज का कमी करतो, कोण जाणे.

सुभेदारांना फोन करून सांगितलं. ते तासाभरात आले. त्यांनी पान्ह्यानं नळीवर टकटक केली आणि कान लावला.

"भरीव वाजतंय."

"तुमच्या कानानं तोफा ऐकल्यात, सुभेदार."

"मग फोटो काढू. हाडाचा काढतात तसा."

आम्ही खरोखर गेलो. फ्रेम घोंगडीत गुंडाळून रिक्षात घातली आणि कॅम्पातल्या एका एक्स-रेवाल्याकडे नेली. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"शेळके."

"वय?"

"माझं का हिचं?"

"कुठं दुखतंय?"

"मानेत."

मग तिनं वर पाहिलं. आतला तंत्रज्ञ हौशी निघाला, त्यानं एक काढून दिला. सगळं पांढरं. दोन मिलिमीटर पोलाद काय आणि चार काय, हाडाच्या यंत्राला सारखंच. "पेशंट लोखंडी आहे," तो म्हणाला, "प्रकृती उत्तम."

म्हणजे कापून बघण्याशिवाय मार्ग राहिला नाही. सुभेदार दारात आडवे उभे राहिले.

"बाई, शेवटचा हात हाय तो अण्णाचा. कापायचा नाय."

"आत बाही नसली तर?"

"माझी मान हाय. मी ठरवणार."

"मान तुमची, पण ड्रॉइंगवर सही माझी आहे."

"तो घातली म्हणाला ना?"

"तो बिडी सोडली असंही म्हणायचा."

ते बाजूला झाले. बाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी करवत घेतली. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी कुठे कापायचं ते कागदावर काढलं. स्वतः कापायची वेळ आली तेव्हा पहिल्या दहा फेऱ्या नळीवर नुसत्या घसरल्या. मानेपासून चार सेंटिमीटरवर, पुढच्या नळीला. बाही असेल तर तिच्यातून जाईल, नसेल तर लवकर कापून होईल. लवकर काही कापून होईना. तरीही मला कळलं नाही. मला वाटलं, माझ्याच हातात जोर नाही.

नळी सुटली. मी चष्मा पुसून नळीचं कापलेलं तोंड उजेडाकडे धरलं.

दोन करड्या कड्या होत्या, एकीच्या आत एक. आणि त्यांच्या मध्ये पितळेची पिवळी रेघ, केसाएवढी, सबंध गोल. कुठे तुटलेली नाही, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. चार पावलं चालून धापा टाकणाऱ्या माणसानं ती फिरवली होती, जिथे कोणी कधी पाहणार नव्हतं अशा ठिकाणी.

मग मी ड्रॉइंग उघडलं. मानेच्या सांध्याचं वेगळं ड्रॉइंग मी केलं होतं, त्याच्या वजनात बाह्या धरलेल्या होत्या. मुख्य यादीत मी त्याच बाह्या पुन्हा लिहिल्या होत्या. दोनदा. एकशे साठ आणि एकशे साठ, बेरजेत जास्तीचे. शाळेतल्या पोरानं केली असती तर कान पिळला असता. खाली 'तपासले' ह्या रकान्यात अण्णाची सही होती. त्यानं न वाचताच केलेली असणार, माझ्या बेरजा तो कधीच तपासत नसे. 'सुमीची बेरीज म्हणजे काय बघायचं?'

कारखान्यात शंभर सांध्यांतला एक कापून बघायची पद्धत होती. तो चांगला निघाला की बाकीचे नव्याण्णव पास. कापलेला मात्र कधी विमानावर जात नसे. तो पास झालेला असून भंगारात जायचा. इतकी वर्षं त्या तुकड्यांना मी नुसते क्रमांक देत आले.

सुभेदार आत आले. त्यांनी तुकडा हातात घेतला, बोट फिरवलं.

"हाय की!"

"आहे."

"मग?"

"मी चुकले."

त्यांनी तुकडा मानेशी लावून पाहिला. नंतर म्हणाले, "आता जोडायची कुणी?"

कारखान्यातून अण्णाच्या मागून निवृत्त झालेले वेल्डर शकीलभाई जुन्या नाशकात राहतात. डोळे चांगले आहेत, जीभही. त्यांनी तुकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे कापलंत?"

"कापलं."

"कोणी सांगितलं होतं?"

"माझ्या बेरजेनं."

"आणि आता मी ह्याच्या तोडीचं जोडायचं? बिनकामाची दुश्मनी आहे माझ्याशी?" पण अस्तन्या वर सारून बसले. मानेतून अण्णाचं पितळ तापवून काढायला त्यांना दुपारपर्यंत वेळ लागला. "सुटत नाही," ते म्हणत होते, "बघा तरी, सुटत नाही माणूस." नवी नळी, नवी बाही. पितळ आत ओढलं जाताना मी ह्या वेळी शेजारी उभी होते. शकीलभाईंनी ज्योत बाजूला केली आणि पहिल्यांदा श्वास सोडला. फ्रेमचं वजन भरलं बारा किलो एकशे पाच. पंचवीस ग्रॅम जास्त. "ते माझ्या घाबरण्याचं वजन," शकीलभाई म्हणाले. ड्रॉइंगच्या बदलाच्या रकान्यात मी लिहिलं: वजनाच्या बेरजेत दुरुस्ती, चूक आरेखकाची. तपासणारा म्हणून शकीलभाईंना सही करायला सांगितलं. त्यांनी बेरीज तीनदा करून पाहिली, मग सही केली.

स्पर्धेच्या दिवशी दारणेच्या पात्रात पाणी घोट्याएवढं होतं. मी सतरंजीवर बसले नाही, धोंड्यावर बसले, शेजारी शकीलभाई. सुभेदारांकडे मी पाहिलंच नाही, फ्रेमच्या मानेकडे पाहत होते. पहिल्या टप्प्यात दोनदा पाय, दुसऱ्यात एकदा. शेवटच्या टप्प्यात एक तिरका धोंडा आहे. त्यावर पुढचं चाक चढलं, घसरलं, सबंध गाडीचा भार धाडकन मानेवर आला. मी उभी राहिले. मान धडधाकट होती. गाडी आडवी झाली आणि सुभेदार पाण्यात बसले.

दोघं-तिघं धावले.

"कोणी हात लावायचा नाय!" सुभेदार ओरडले. तोफखान्याचा आवाज होता, सगळे जागच्या जागी थांबले. ते उठले, नवे गुडघे वाकवले, एक हात हँडलला, एक हात सीटखाली. पहिल्या जोराला गाडी हलली. दुसऱ्याला अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली. ते आणि ती, दोघंही थरथरत. मग आली वर. चाकांवर उभी राहिली. पाणी निथळत होतं. सुभेदार पुन्हा वर चढले आणि त्यांनी दोन्ही पाय उचलले.

पात्रात कोणी टाळी वाजवली नाही. सगळे गप्प होते, सतरंजीवरच्या बायकासुद्धा. असा भारलेला क्षण अण्णाला कधी सहन झाला नाही. लग्नात, बारशात, निरोपसमारंभात, कुठेही असं सगळं स्तब्ध झालं की तो नेमकं काहीतरी घाणेरडं बोलायचा, मोठ्यानं. मग लोक हसायचे, आणि मी मान खाली घालायचे. मी वाट पाहिली. मग लक्षात आलं की आता ते बोलायला कोणी नाही.

म्हणून मी बोलले. मोठ्यानं, गाडी उचलायला लागणाऱ्या जोराबद्दल आणि तो माणसाच्या कुठल्या भागातून येतो त्याबद्दल. काय बोलले ते संपादक छापणार नाहीत. शकीलभाईंनी दोन्ही कान पकडले, आणि सुभेदार इतके हसले की त्यांचा पाय टेकला.